जुनी करायला घेतलेली शाल

जुईनगर

तीर्थरूप गोजराअक्काच्या पायांवर धाकट्या बाबासोचे डोके.

तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे (छातीत मधूनमधून काहीतरी फडफडते, पण ते रिपोर्टात येत नाही, म्हणून डॉक्टर मानत नाहीत). नात उन्नती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. बाळ पोटात लाथा मारते. कमी मारल्या तरी मला काळजी, जास्त मारल्या तरी काळजी.

तू पाठवलेले लोकरीचे पोते पोचले. आपल्या मेंढ्यांचे काहीतरी पणतवंडाच्या अंगावर असावे, एवढीच माझी इच्छा. कुसळे वेचली, लोकर रिठ्याच्या पाण्यात भिजवली, चोळली नाही (चोळली की तिचा गोळा होतो, हे तूच बजावले होतेस). ओल्या लोकरीच्या वासाने सोसायटीत बातमी पसरली की आमच्याकडे बकरा कापला. दोघे जण वाटा मागून गेले. पिंजायला काही मिळेना, म्हणून कुत्र्यांच्या दुकानातून केस विंचरायचा ब्रश आणला. दुकानदाराने विचारले, कोणती जात? मी म्हणालो, माणदेशी मेंढी. त्याने पैसे घेतले. सूत टकळीवर काढले (शाळेत तेवढेच जमले होते) आणि खालच्या मजल्यावरच्या यशोदाबाईंकडून सुयांवर विणायला शिकलो.

शाल पुरी झाली. यशोदाबाईंनी ती गालाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "काका, यानं बाल झोपल का सोलून निघल?" सूनबाई ज्ञानेश्वरीने तसे काही म्हटले नाही. ती गुणी आहे. ती म्हणाली, "मामा, बाळाला आधी जुनंच घालतात. नवं नको."

हे खरेच आहे. म्हणून मी शाल जुनी करायला घेतली. भर मे महिन्यात दिवसभर अंगावर. घामोळे उठले. वाशीच्या बाजारात एका हमालाने हात धरून मला सावलीत बसवले आणि पाणी पाजले. पुढे सोसायटीत ज्येष्ठांचा सत्कार होता. शाल बघून सेक्रेटरी धनेशने मला थेट व्यासपीठावर नेले. माझ्या अंगावर शाल आहेच, म्हणून नुसता नारळ दिला (माझ्या शेजारच्याला दोन्ही मिळाले). मग माइक हातात दिला. मी लोकर कशी धुवावी ते सांगितले. लोक अर्ध्यावर जेवायला गेले.

ज्ञानेश्वरी रोज शाल चाचपते आणि म्हणते, "अजून नवीच आहे हो, मामा."

सर्वांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा
बाबासो

ता. क. अक्का, शाल मऊ होत नाही, मीच सरावलो आहे. बारशाला ये आणि येताना तुझे एखादे विरलेले लुगडे आण. आतून अस्तर लावतो. बाळाला लुगडे लागेल, वर शाल राहील. मी मागितले असे ज्ञानेश्वरीला सांगू नकोस. तूच हट्ट धर, तुला ती नाही म्हणणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवायचे राहिले होते, तोवर मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्यात एसीचा गारठा होता. ज्ञानेश्वरी स्वतःच म्हणाली, "मामा, द्या तुमची शाल, गुंडाळू हिला." मी बाळाच्या गालाकडे पाहिले आणि नको म्हणालो. शाल काढून लांब खुर्चीवर ठेवली, मग बाळाला सदऱ्यावर घेतले. बारशाची वाट बघू नकोस. लुगडे घेऊन लगेच नीघ.