डबीतला कापूस

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पाठ बरी आहे. कायद्याच्या एका जाडजूड पुस्तकाची मुद्रितं तपासतोय, डोळे चुरचुरतात. रक्ताचा रिपोर्ट आला. विषाणू नेहमीप्रमाणे सापडलाच नाही, कोलेस्टेरॉल मात्र सापडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या अशाच घेत राहिलात तर त्यानं नाही मरणार तुम्ही. तळकट खाऊन मराल!" खूप हसलो. हे ताईला सांगायला हवं, असं वाटलं. मग आठवलं, मी तुझ्यावर रागावलोय.

तुझा निरोप मिळाला. "लेक विचारेल, बाळाला दिवसा तुझ्याकडे ठेवू का म्हणून. पाठदुखीचं काहीतरी सांग. तुझं ते मध्ये आणू नकोस."

माझं ते! इतकी वर्षं आपल्या घरात त्याला नावच नाही. एचआयव्ही म्हणतात त्याला, ताई. बघ, लिहिलं. कागद जळला नाही.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आलो होतो, तेव्हाचं लिहायचं टाळत होतो. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. तू आलीस आणि "दे इकडे, तुझे हात गार आहेत" म्हणत त्याला काढून घेतलंस. मी नुकताच गरम पाण्यात भांडी घासून उठलो होतो. तरी गप्प बसलो असतो. पण पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलो, तर गॅसवर पातेल्यात त्याचं झबलं उकळत होतं. मी न विचारताच तू म्हणालीस, "दूध ओकलं ना त्यावर." ओकलं नव्हतं, ताई.

वर रात्री दारात उभी राहून, "डबीत कापूस कोंब, गोळ्या वाजतात. जावईबापू घरात आहेत." मी कोंबला. घरी आल्यावरही काढला नाही. इथे कोण ऐकणार होतं?

हे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. अन्याय तर करत नाही ना तुझ्यावर? माझी काडी झाली होती, तेव्हा पाठुंगळी घेऊन दवाखान्याचे जिने चढलीस ती तूच. माझी ओकारी उघड्या हातांनी पुसलीस. तेव्हा विषाणू अंगभर होता! आज तो शोधून सापडत नाही, तर तू झबली उकळतेस? मरणाऱ्या भावाला कवटाळलंस, मग जगणाऱ्याचं काय करायचं हे तुला का कळेना? या गोळ्या मी नुसता श्वास चालावा म्हणून नाही घेत गं. मला मामा व्हायचंय, आजोबा व्हायचंय.

तुझ्या लेकीचा काल फोन आला. मी पाठदुखी सांगितली नाही. खरं ते सांगितलं. तिनं दोनदा "काय?" म्हटलं. मग म्हणाली, "मामा, बाळाच्या डॉक्टरांना विचारते." मला ते आवडलं. घाबरली, पण विचारते म्हणाली. तू कधी विचारलंस?

संध्याकाळी पुन्हा फोन. "सांभाळण्यानं, कडेवर घेण्यानं काहीही होत नाही म्हणाले. ह्यांनाही सांगितलंय." आणि मग, "आई झबलं का उकळत होती ते आज कळलं. मामा, तू तिथे जेवलास कसा रे?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर तिला दे.

उद्यापासून ती बाळाला इकडे सोडून कामावर जाणार आहे. डबीतला कापूस आत्ताच काढून टाकला. हलवून पाहिली, अगदी खुळखुळ्यासारखी वाजते. आता ती वरच्या फळीवर ठेवलीय. बाळाचा हात पोचू नये म्हणून, लपवायला नव्हे.

तुला यायचं असेल तर ये. दार उघडंच असेल. पण बाळ माझ्या कडेवर असेल, आणि या वेळी मी ते देणार नाही.

तुझा,
हात गरम असलेला भाऊ