गावभर पिवळ्या टोप्या

५ नोव्हेंबर

ती. आत्येस,

तुझ्या मशीनच्या सुईला धक्का लागणार नाही इतक्या बेताने वाकून नमस्कार. वि. वि.

फोन असताना ही पत्र का लिहिते, असं वाटलं असेल. तू फोन घेतेस तो दुकानात, स्पीकर लावून. मी इकडे बोलते ते तुझ्या कारागिरांसकट माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जातं. आणि माझं काम चारचौघांत बोलण्यासारखं नाही. पत्रातही कुणाचं नाव लिहिणार नाही, तेव्हा विचारू नकोस.

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्याच्या टोकाची समुपदेशनाची खोली माझी. ज्या बायकांना एचआयव्ही आहे आणि नुकतं बाळ झालंय, त्या माझ्याकडे येतात. आईने रोज गोळी घ्यायची, बाळाला पहिले काही आठवडे रोज सिरप पाजायचं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि ठरल्या वेळी बाळाची तपासणी. एवढं नीट झालं तर बहुतेक बाळं या आजारातून सुटतात. कॉलेजात हे एक प्रकरण होतं, परीक्षेपुरतं. इथे ते माझ्या मांडीवर बसून मला ओलं करतं.

एकीला मी गाणारी म्हणते. बाळ सिरपला तोंड उघडेपर्यंत ती गुणगुणत राहते. नवऱ्याला सगळं ठाऊक आहे, तोही गोळ्या घेतो, पण कामासाठी बाहेरगावी असतो. सासूला आणि गल्लीला यातलं काही माहीत नाही.

मला एकच वाईट वाटतं. माझी बाळं जुन्या फडक्यांत गुंडाळून येतात. ती कुणाहून कमी आहेत असं कुणाला वाटू नये. तुझ्याकडे उरलेलं कापड असेल तर टोप्या शिवून देशील? खास माझ्या बाळांसाठी.

लोभ आहेच, त्याला एक टीप जास्त घाल.

तुझी रीळ

११ नोव्हेंबर

चि. रीळ हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

लहानपणी तू बोलायला लागलीस की रीळ घरंगळल्यासारखी थांबायची नाहीस, म्हणून हे नाव पडलं. आता पदवी मिळाली तरी धागा संपलेला दिसत नाही. तुझे बाबा गिलावा करताना भिंतीलाही सांगतात की माझी मुलगी पदवीधर आहे. भिंत काही बोलत नाही, म्हणून पुन्हा सांगतात.

शाळेने यंदा गणवेश निळा केला. माझ्याकडे पिवळं कापड पडून होतं, त्याच्या टोप्या शिवल्या. कडेला लाल पट्टी लावली आहे. बाळाच्या टाळूला शिवण बोचू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूला ठेवली. उलटी शिवली म्हणून मला नावं ठेवू नकोस. एसटीच्या कंडक्टरकडे पुडकं दिलं आहे. त्याला चहा पाज. शर्टाची बटणं लावून घ्यायला तो माझ्याकडेच येतो.

वेळेवर जेव. लोभ तुझ्यावर आहे, तो जेवणाऱ्या मुलीला जास्त मिळतो.

तुझी आत्या

२० नोव्हेंबर

ती. आत्येस,

नमस्कार. आज वाकवतही नाही इतकं मन जड झालंय.

टोप्या फार गोड झाल्या होत्या. गाणारीने तर बाळाला टोपी घालून खिडकीच्या काचेत दाखवलं. आणि मी मूर्ख, लांबून बघून खूश होत होते की पिवळी टोपी दिसली की ते माझं बाळ.

ते फक्त मलाच दिसत नव्हतं ना! नळावर एका बाईने गाणारीला विचारलं की पिवळ्या टोपीची पोरं सगळी त्या टोकाच्या खोलीतूनच कशी निघतात, काय आहे तिथे. दुसरी म्हणाली की तिच्या नणंदेच्या गावातही एका बाळाला तशीच टोपी आहे आणि त्याच्या आईबद्दल लोक काहीबाही बोलतात. गाणारी हंडा तसाच टाकून घरी गेली. त्या दिवसापासून ती केंद्रात आलेली नाही. नर्सबाईंना ती बाजारात भेटली, तेव्हा तिने हे सांगितलं आणि म्हणाली की आता मी त्या खोलीची पायरी चढणार नाही.

तिच्याकडचं सिरप लवकरच संपेल. बाळाची तपासणीही जवळ आली आहे. मी तिच्या घरी जाऊ शकत नाही. मी दारात उभी राहिले की नळावरच्या प्रश्नाला उत्तरच मिळेल. ज्यांना कुणाहून कमी दिसू द्यायचं नव्हतं, त्यांनाच मी वेगळं पाडलं. आत्या, सगळ्या टोप्या परत मागवून जाळून टाकू का?

तुझी
(रीळ म्हणायलाही लाज वाटते)

२३ नोव्हेंबर

चि. रीळ हिस,

आशीर्वाद. आधी डोळे पूस.

जाळू नकोस. आज टोप्या काढून घेतल्यास तर नळावर उद्या विचारतील की काल होती ती टोपी कुठे गेली. एका शर्टावर डाग पडला तर तो डाग दिसतो. कापडाचा रंगच तो केला की डाग शोधून दाखव म्हणावं. तुझ्या भागात जेवढी तान्ही बाळं आहेत, तेवढ्यांना पिवळी टोपी. सरपंचाच्या नातवालाही आणि नळावरच्या बाईच्या घरात कुणी असेल तर त्यालाही.

माझं कापड पुरणार नव्हतं. मी फक्त एवढंच म्हटलं की तान्ह्या बाळांसाठी शाळेचे जुने पिवळे शर्ट हवे आहेत. अगं, दुकानाच्या पायरीवर ढीग लागला! धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं कापड. खिशांतून पेन्सिलीचे तुकडे, गोट्या आणि मुख्याध्यापकांना उद्देशून एक न दिलेला माफीनामा निघाला. तुझी आई शिवणी उसवते, बाबा गिलाव्याच्या हातांनी इस्त्री करतात आणि दोन्ही कारागीर बडबड न करता काम करतात, हा चमत्कारच. एका टोपीला चुकून शर्टाचा खिसा राहून गेला. तशीच पाठवते आहे, कुणीतरी हसेल.

पहिलं पुडकं या पत्रासोबतच आहे. ते घेऊन घरोघर तू जाऊ नकोस, नर्सबाईंना पाठव.

लोभ उसवत नसतो, हे शिंपिणीच्या भाचीला मी सांगायला नको.

तुझी आत्या

१० डिसेंबर

ती. आत्येस,

आज इतकी वाकून नमस्कार करते की चष्मा पडला.

नर्सबाई तान्हं बाळ असलेल्या प्रत्येक दारात गेल्या. गाणारीच्या दारातही गेल्या, आणि तिच्या सासूने त्यांना आधी दटावलंच की शेजारच्या बाळाला टोपी सकाळीच मिळाली, मग आमच्याकडे यायला संध्याकाळ का. आमच्याकडे एक आहे, पण ती धुवायला टाकली की दुसरी हवी, असं म्हणत सासूबाईंनी टोपी मागितली. नर्सबाईंनी ती गाणारीच्याच हातात दिली. टोपीच्या आत सिरपची बाटली होती. गाणारीने ती हाताला लागताच ओळखली आणि पदराखाली घेतली. आधीची बाटली तळाला आली होती, पण एकही दिवस चुकला नाही.

खिशाची टोपी आमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या मुलीसाठी घेतली. टोपीच्या खिशात थर्मामीटर ठेवून ते मुलीला व्हरांड्यात फिरवतात. आता सगळीच तान्ही बाळं आपापल्या आयांसोबत माझ्या खोलीत येतात, कारण वजनाचा काटा मी डॉक्टरांकडून मागून माझ्या खोलीत आणला. टोकाच्या खोलीत काय आहे असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: काटा.

परवा त्या गर्दीतून गाणारी आली. बाळाची तपासणी झाली. जाताना माझ्या टेबलावरचा पसारा नीट लावून गेली. मला वाटतं, तिने मला माफ केलं.

लोभ असाच मऊ राहू दे.

तुझी रीळ

१७ एप्रिल, दीड वर्षानंतर

ती. आत्येस,

नमस्कार, नमस्कार, नमस्कार.

तू दर पत्रात विचारायचीस आणि मी दर पत्रात लिहायचे की आतापर्यंतच्या तपासण्या चांगल्या आहेत, शेवटची बाकी आहे. गाणारीने गोळी चुकवली नाही. सासूबाई मध चाटवायला निघाल्या तेव्हा डॉक्टरांनी सगळ्याच घरांना मनाई केली आहे, असं सांगून तिने त्यांना थोपवलं. काल शेवटचा रिपोर्ट आला. बाळ मोकळं आहे, आत्या! त्याच्यात काही नाही!

तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग मुलगा माझ्याकडे दिला आणि जमिनीवर बसून हसत सुटली. मुलाला काय झालं ते कळेना, म्हणून तोही हसला. टोपी त्याला केव्हाच लहान झाली आहे. तो ती मुठीत धरून फिरतो, कुणाला देत नाही. ती म्हणाली की टोपी शिवणाऱ्या बाईंना सांगा, शिवण बाहेर ठेवली ते बरं केलं.

पुढच्या आठवड्यात लसीकरण आहे. ये ना! एकदा बघ तरी.

लोभ आता तूच येऊन घेऊन जा.

तुझी रीळ

२ मे

चि. रीळ हिस,

भरभरून आशीर्वाद. सुखरूप पोचले. कंडक्टरने पुढची जागा दिली.

तुला सांगितलं नाही, पण मी आले होते ते एका मतलबाने. तुझी गाणारी कोण ते मला ओळखायचं होतं. तू नाव सांगणार नाहीस हे ठाऊक होतं, पण माझी नजर तुला माहीत आहे, पाठीवरून सांगते की ब्लाउज कुणी शिवलाय. म्हटलं, व्हरांड्यातल्या बाकावर बसावं आणि गाणारी बाई शोधावी.

बसले. तान्ह्यांच्या डोक्यांवर पिवळ्या टोप्या होत्या, मोठ्यांच्या मुठींत होत्या, एक तर बाकाखाली मांजराच्या पिल्लाच्या अंगावर होती. मग लस टोचायला सुरुवात झाली, पहिलं पोर रडलं आणि त्याची आई गुणगुणायला लागली. मी मनात म्हटलं, सापडली. तेवढ्यात दुसरं रडलं आणि दुसरी गायला लागली. मग तिसरी, मग एक आजी, शेवटी तुमचे डॉक्टरही, तेही बेसूर. सगळा व्हरांडा गात होता.

तासभर बसले, रीळ. मला काही ओळखता आली नाही. आयुष्यात एवढं चोख शिवणकाम माझ्या हातून झालं नव्हतं.

लोभ आहे. नवीन बाळं किती, ते कळव. कात्री हातातच आहे.

तुझी आत्या