२३९ची बाकी

बोरी बुद्रुक,
१८ जानेवारी २०२६

प्रिय अलिझा,

जुन्नरला सगळे बरे ना? इकडे उसात पुन्हा बिबट्या दिसला, म्हणून आई मला दिवस मावळायच्या आत घरी बोलावते. मी पिंपळवंडीच्या शाळेत तासिकेवर गणित शिकवते. पोरं चांगली आहेत, फळा वाईट आहे.

मंगळवारी नारायणगावच्या बाजारात तुझी अम्मी भेटली. म्हणाली, "लई हुशार व्हती गं पोर. पर त्या प्रदर्शनापासून गणिताचं नाव काढलं की उठून जाती. म्हनती, मला जमतच न्हाई." मी मेथीची जुडी हातात धरून नुसती मान हलवली. फार लाज वाटली.

तुला जमत होतं, अलिझा.

नववीतली आपली संख्या आठवते? अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, नुसते सात एक. ती मूळ संख्या आहे हे कॅल्क्युलेटरला हात न लावता दाखवायचं होतं. १०५४ पर्यंतच्या एकशे सत्त्याहत्तर मूळ संख्यांनी भागायचं, एक तुझी, एक माझी. तुझ्या एकोणनव्वद, माझ्या अठ्ठ्याऐंशी. तू प्रत्येक भागाकार दोनदा करायचीस.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमची टोमॅटोची तोडणी होती. माझ्या सहा राहिल्या, २२९ पासून २८१ पर्यंत. सकाळी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले आणि सहाही बाक्या मनाने लिहिल्या. प्रत्येक बाकी भाजकापेक्षा लहान राहील एवढी काळजी मात्र घेतली! २३९ पुढे लिहिलं, बाकी ११७. तू विश्वासाने तक्त्यावर उतरवलंस.

परीक्षकांनी मोबाइल काढला. २३९ गुणिले ४६४९, बाकी शून्य. लोक हसले.

एवढंच असतं तर तू मला माफ केलं असतंस. पण तू विचारलंस, "समे, तुला किती आली व्हती?" आणि मी म्हणाले, "शून्य. तूच उतरवताना चुकलीस." घरी येऊन वहीतलं ते पान फाडून चुलीत घातलं. दहा वर्षं तू माझी चूक स्वतःची समजून बसलीस.

हे फक्त तुला लिहून पुरणार नाही. गुरुवारी शाळेत गणिताचं प्रदर्शन आहे. तो तक्ता मी नव्याने केलाय. खाली लिहिलंय, '२३९ची बाकी समृद्धीने खोटी लिहिली आणि खापर अलिझावर फोडलं.' आमचे मुख्याध्यापक रामनाथ सर म्हणाले, "पोरांफुडं कशाला उगाळताय, मॅडम? तासिका जातील तुमच्या." जाऊ देत. तक्ता लागणार आणि शेजारी मी उभी राहणार.

४६४९ मूळ आहे का, हे तपासायला ६७ पर्यंतच्या एकोणीस मूळ संख्या लागतात. वाटणी जुनीच, पहिली तुझी. माझे नऊ भागाकार केलेत, दोनदोनदा. एकाचीही बाकी शून्य नाही. तक्त्यावर तुझ्या दहा जागा कोऱ्या आहेत. आलीस तर पेन तुझ्या हातात देईन. नाही आलीस तर मी त्या भरणार नाही. पोरांनी विचारलं की सांगेन, या अलिझाच्या आहेत, तिचा भागाकार चुकत नाही.

माझी चूक माझ्या नावावर लिहून,
समृद्धी