गिऱ्हाईक

११ नोव्हेंबर, मंगळवार. अकोला

मी अजून जिवंत आहे! आणि माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, भगवंतरावांनी, आज माझ्या घराला गिऱ्हाईक आणलं. हृदयाचं ऑपरेशन होऊन मी नुकती घरी आलेली. तो परका माणूस चपला घालून थेट स्वयंपाकघरात. नळ सोडून पाहिला. मी विचारलं, हे कोण? भासरे शांतपणे म्हणाले, "पाहून ठेवलेलं बरं. तुह्या मांगं हे आमच्याकडंच येनार हाये."

जठारपेठेतलं हे घर मी अमरावतीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी करून घेतलं. माझे यजमान देवीदास गेले तेव्हा याच मोठ्या भावानं मला सासरच्या घरातून बाहेर काढलं. मूल नाही, मग हक्क कसला, म्हणे. आता नातं आठवलं!

१२ नोव्हेंबर

दिवसभर राग जात नाही. प्रणाली गोळी देते, मी तिच्यावरच खेकसते. माझ्या मेलेल्या बहिणीची पोर. लहानपणापासून माझ्याजवळ. हे घर तिचं आहे, तिचंच.

१३ नोव्हेंबर

वकील गीतांजलीबाईंकडे गेले. भासरे खरंच बोलले होते! मृत्युपत्र नसलं, तर मूलबाळ नसलेल्या विधवेची स्वतःची कमाईसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे. प्रणालीला काहीच नाही. रात्रपाळ्या मी केल्या, वारस त्यांचे!

बाई म्हणाल्या, चिडू नका, मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, स्वतःच्या हातानं लिहिलं तरी चालतं. स्टँप पेपर लागत नाही. टाइप केलेलंही चालतं. पण सही दोन साक्षीदारांदेखत हवी, त्यांच्याही सह्या हव्यात, आणि त्यांना त्यातलं काही मिळणार नसावं. नोंदणी सक्तीची नाही. मी म्हटलं, करायचीच. उद्या हे लोक मला भ्रमिष्ट ठरवतील. म्हणून डॉक्टरांचा दाखलाही घेणार. एक साक्षीदार डॉक्टरच. दुसरे शेजारचे शालिकराम.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शालिकराम फिरले. उद्या नोंदणी, आणि आज सांगतात — भगवंतराव भेटले होते, तुमच्या घरच्या भानगडीत मले नोका पाडू. यांच्या आईचं आजारपण मी काढलं! मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

थोड्या वेळानं पुन्हा बेल. जाऊबाई. भगवंतरावांची बायको, पार्वताबाई. एकट्याच, हातात भाजीची पिशवी. मी दारातच अडवलं. नवऱ्यानं पाठवलं का, म्हटलं. मला घरातून काढलं तेव्हा तुम्ही मागच्या खोलीत गुपचूप बसून होतात, तेही बोलले. फार बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साक्षीदार बाईमानूस चालते का?"

२० नोव्हेंबर

नोंदणी झाली. पार्वताबाईंनी सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी वकीलबाईंना बाजूला घेतलं. "माहेरचं वावर माह्या नावावर हाये. ते माह्या पोरीले लिवून देता येते का? नवऱ्याले न सांगता?"