खुंट्यावर कोणीच नव्हतं

३ फेब्रुवारी
बाईकची ट्रिप पक्की झाली. चामोर्शी, घोट, मग डोंगरातल्या वाटा. गेल्या सालचीच लाईन. राकेशभाऊ म्हणले, अर्धी राह्यली होती ती पुरी करू. अर्धी राह्यली म्हणतेत! दिनेशचा पाय राह्यला तिथी, ते नाई म्हणत कोणी.

राकेशभाऊचं टायरचं दुकान आहे गडचांदूरले, ग्रुप त्याईनंच जमवला. सगळ्यात पुढं तेच राह्यतेत. सगळ्यात शेवटी या टायमाले पंकज. मधी फाट्याफाट्यावर एकजण थांबून वाट दाखवते, त्याले आमच्यात खुंटा म्हणतेत. शेवटचा गडी येऊन खुंट्याच्या हेल्मेटवर टपली मारत नाई तोवर त्यानं हलायचं नाई. हलायचंच पडलं तं जी वाट बरोबर तिच्या तोंडाशी आपलं हेल्मेट ठेवून जायचं. एवढा एकच कायदा आहे आमच्यात. गेल्या सालीही होता.

मी म्हणलो, "मोठ्या नाल्याच्या फाट्यावर खुंटा मी."
राकेशभाऊ: "तू? टिकशील का बे तिथी? एखादी खार दिसली का तिच्या मागं जाशील."
सगळे हसले. पंकजही. मीही हसलो. हसून घेतलं.

पंकज शेवटी म्हणजे त्याच्या मागं कोणीच नाई. फाट्यावर फक्त मी आन तो.

दुपारी आमच्या दुकानात एका स्कूटरच्या सीटले कापड उलटं शिवलं. अब्बा: "ध्यान किधर है तेरा?"
नाल्यात, अब्बा.

५ फेब्रुवारी
दिनेशच्या शेडमधी गाडी नेली. तेलाच्या डब्यावर बसून, डावा पाय सरळ लांब टाकून माह्या गाडीची चेन काढत होता. त्या पायात रॉड आहे. उठायचं असलं का पहिले हातानं मांडी उचलते, मग स्वतः उठते. मी तिकडं पाहत नाई. शेडच्या मागं मांजरीले पिल्लं झाले, एक पूर्ण काळं, त्याच्याशी खेळलो बराच वेळ.

दि.ले त्या दिवसाचं काईच आठवत नाई. घोटचा चहा आठवते, त्याच्या पुढं एकदम दवाखान्यातला पंखा. मधलं सगळं पंकजनं सांगितलं ते. पंकज म्हणते, मी खुंट्यावर उभा होतो, हात दाखवला, दिनेशनं पाह्यलंच नाई, सुसाट खाली गेला. सगळ्या चंद्रपुरात तेच झालं. लगन जुळलं होतं दि.चं, पोरीवाल्याईनं मोडलं. पोट्टा मस्तीत गाडी चालवते म्हणे.

आज म्हणते कसा, "असन बे. मीच मस्तीत असन."
"फाटा रिकामा होता दिन्या. मी किती डाव सांगू."
"तू तं मासोळ्या पाहत होता न."

हो, पाहत होतो. गेल्या सालचा शेवटचा गडी मी होतो. नाल्याच्या वरच्या अंगाले एक मामा बांबूचा मासे धरायचा सापळा विणत होता, इतक्या झपाट्यानं का हात दिसत नव्हते त्याचे. थांबलो. म्हणून उशीर झाला. पण फाट्यावर आलो तेव्हा कोणी नव्हतं. हेल्मेटही नव्हतं. खालून इंजिनाचं बोंबलणं ऐकू आलं, एकसारखं, कोणी अ‍ॅक्सिलेटर सोडतच नाई असं. उतरलो तं तिकडचा रपटा, नाल्यावरचा ठेंगणा पूल, पुरात वाहून गेलेला, दि. खाली दगडात, गाडी पायावर. मदतीले ओरडत वर धावलो तं पंकज फाट्यावर उभा! डोक्यात हेल्मेट, हात वाटेकडं, जन्मापासून तिथीच उभा असल्यासारखा.

तवाही म्हणलो सगळ्याईले. राकेशभाऊ म्हणले, अज्जू, तूच उशिरा आला, तुले का मालूम.

८ फेब्रुवारी
निघालो. मूल गावचा रोड. धुकं. चामोर्शीत बाजाराचा दिवस, गाड्या लावून सगळे चहाले. मी कोंबड्याच्या लाईनीत घुसलो. एक बाई लाल तुऱ्याचा कोंबडा बगलेत धरून त्याच्याशीच बोलत होती, "तुले नाई इकत रे, घाबरू नोको," आन इकायलेच आणला होता. राकेशभाऊनं दोन डाव हॉर्न मारला तेव्हा आठवलं मी कुठी आहो.

पंकजनं सगळ्याईसाठी सुपारी-तंबाखूचा खर्रा घेतला. मलेही पुढं केला. घेतला नाई. मग उगाच वाटलं घ्यायले पायजे होता, त्याले शक नको.

हिशोब असा आहे. फाट्यावर उजवी वाट बरोबर, डावी रपट्याकडं. मी माह्यं हेल्मेट डाव्या वाटेच्या तोंडाशी ठेवीन आन खाली जाऊन लपीन. पं. येईन, हेल्मेट पाहीन, वळन. त्याची गाडी भारी आहे, त्या उतारावर थांबनार नाई. पाय तुटला तं तुटला. डावाच तुटला पायजे.

हे लिहून वाचलं. खोडलं नाई.

९ फेब्रुवारी
घोटच्या पुढं डांबर संपलं. धानाच्या बांध्या सुकल्या, बांधावरून गाड्या. मग चढ. दगड, मुरूम, सागाचा पाचोळा, चाक धरतच नाई. एका वळणावर पळस एवढा फुलला का मी पाहता पाहता बाजूच्या खड्ड्यात. पडलो नाई, अडकलो. मागून पं. आला, उतरला, माह्या गाडीले धक्का मारला. माह्या मागच्या चाकाची सगळी माती त्याच्या तोंडावर.
"थँक यू तं म्हन बे," हसून म्हणला.
म्हणलं. तोंडात कडू कडू.

कशाले मदत करते हा? मले त्याची मदत नाई पायजे. त्यानं हरामखोरासारखं वागावं, माह्यं काम सोपं होईन.

मुक्काम एका गावच्या शाळेत. गुरुजीनं चावी दिली. खिचडी.

१० फेब्रुवारी, सकाळ
आज फाटा. गाडी ठीक.

१० फेब्रुवारी, शाळेत परत आल्यावर
सगळं लिहितो, जसं झालं तसं.

राकेशभाऊ गेले, बाकीचे गेले. मी खुंटा. धुळा बसल्यावर गाडी झाडीत घातली, हेल्मेट डाव्या वाटेच्या तोंडाशी ठेवलं, नीट, काच पुढं करून. खाली रपट्यापाशी मोहाच्या बुंध्यामागं बसलो. समोर तेच दगड. एकावर अजून निळा रंग होता, दि.च्या टाकीचा. त्याच्यावरून मुंग्या चालल्या होत्या. रंग आला का वळसा घालत, रंगावर पाय नाई देत. काऊन नाई देत मालूम नाई. पाहत राह्यलो.

इंजिन ऐकू आलं. वरच बंद झालं. मग पाचोळ्यात पाय वाजले. पायी आला. दोन हातात दोन हेल्मेट, एक माह्यं, एक त्याचं.

"अज्जू, निघ बाहीर. मोहाच्या मागं आहे तू, शर्ट दिसते."
निघालो. माह्यं हेल्मेट पायाशी ठेवलं त्यानं.
"तुले का वाटलं, मी हा फाटा ओळखनार नाई?"
मी खाली हेल्मेटकडं पाह्यलं.
"तिथी ढोरं येऊन राह्यले वरून. शेणात गेलं असतं म्हणून उचललं." मग खाली बसला दगडावर. निळ्या रंगाच्या नाई, बाजूच्या. "त्या दिवशीही ढोरं होते."

म्हणला, बाजारातले भजे खाल्ले होते, पोट बिघडलं. थांबवत नव्हतं. झाडीत गेलो, पाण्याची बाटली घेऊन. वापस आलो तं तू खालून ओरडत होता.
"हेल्मेट काऊन नाई ठेवलं?"
त्यानं एक गोटा उचलून नाल्यात फेकला.
"पंक्या, हेल्मेट काऊन नाई ठेवलं?"
"सांगितलं न, ढोरं होते. अन नवं होतं ते."

नवं होतं! दिन्याचा पाय काय जुना होता?

गळपट धरली मी त्याची. तो उलटून मारन असं वाटलं. मारलं असतं तं बरं झालं असतं. नुसता बसला, मान माह्या हातात. एवढा आलो होतो कशासाठी, पाय तोडायले, आन हा भज्याची गोष्ट सांगते. सोडली.

"चाल वर. सगळ्यासमोर हेच बोल. दिन्यासमोर बोल."
"नाई बोलनार."
"काऊन?"
"का सांगू? हागाले गेल्तो म्हनून दिनेशचा पाय गेला? आयुष्यभर तेच म्हनतीन लोकं." मग उठला, पँट झटकली. "तू सांग न. जा, सांग. तुह्यं कोन आयकते?"

हे बरोबर बोलला तो. तेच तर. खरं फक्त मले मालूम, आन माह्यं कोणी आयकत नाई.

मी त्याचं हेल्मेट उचललं. तेच आहे, लाल पट्ट्याचं. त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला. बॅगमधी कोंबलं, चढून गेलो, निघालो. आरशात पाह्यलं नाई.

११ फेब्रुवारी
पंकज काल उघड्या डोक्यानं आला. सगळ्याईनं विचारलं तं म्हणे फोटो काढता काढता दरीत पडलं. राकेशभाऊनं त्याले सगळ्यासमोर झाप झाप झापलं. माह्यं नाव घेतलं नाई त्यानं. मी खुंट्यावर नव्हतो हे सांगू शकत होता. नाई सांगितलं.

ही मेहरबानी आहे का सौदा? मी चूप तं तू चूप असा? रात्रभर माह्या बॅगवर डोकं ठेवून झोपलो. आत ते कडक. मान आखडली.

बोललो असतो सगळ्यासमोर, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात राकेशभाऊ म्हणले, "अज्जू, काल खुंट्यावर टिकला बावा तू! शाबास." आन सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. आता बोल.

१३ फेब्रुवारी
दि.च्या शेडमधी. काळं पिल्लू कोणी नेलं.

सगळं सांगितलं त्याले. मी लपलो होतो तेही. तो एका म्हाताऱ्या गाडीचं ऑइल बदलायच्या तयारीत होता, पाना हातात.
"आवाज भरला का मोबाईलमधी?"
"मोबाईल गाडीवर होता. वर."
हसला. सालभरात पहिल्यांदा एवढा हसला, पाना खाली पडला. "अबे, सगळं ठरवलं आन मोबाईल गाडीवर!"
मग हसणं बंद झालं. "अज्जू, राग नोको येऊ देऊ. त्यानं खरंच म्हनलं का, का तुले तसं वाटलं?"

दि.ही. दि.लेही शंका.

बॅग उघडली, हेल्मेट त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं उचललं. फिरवून पाह्यलं, आत पाह्यलं, लाल पट्टीवर अंगठा फिरवला. एक ओरखडा नाई. दरीत पडलेलं हेल्मेट असं राह्यत नाई, हे त्याले सांगायची गरज नाई. आन पंकज आपली वस्तू कोणाले हात लावू देत नाई, ही गुमान नेऊ दिली, हेही.
"ढोरं होते म्हने?"
"हो."
"शेन लागलं असतं."
"हो."

मग त्यानं ते उलटं करून गाडीच्या खाली सरकवलं आन ऑइलचा बोल्ट खोलला. काळं जळकं ऑइल धार धरून आत. आतला फोम प्यायला, फुगला. मग हवेच्या भोकातून सगळं बाहीर, फरशीवर.
"एवढं महागाचं," दि. म्हणला, "तेलही धरत नाई."

दोघं पाहत बसलो. पोछा कोणी मारला नाई.

मले वाटलं होतं आता आग थंड होईन. नाई झाली. दि.चीही नाई, उलट आता लागली. जाताना म्हणला, "सालभर मी स्वतःले शिव्या दिल्या बे." दाराशी हातानं मांडी उचलून उभा झाला. मी या टायमाले तिकडं पाह्यलं.

२८ फेब्रुवारी
राकेशभाऊचा मेसेज ग्रुपवर. पाणी लागायच्या आधी अजून एक ट्रिप. तीच लाईन. शेवटी अज्जू. मोठ्या नाल्याच्या फाट्यावर खुंटा पंकज, त्यानं स्वतः मागून घेतलं.

खाली पंकजचं: "नवं हेल्मेट घेतलो."
बस एवढंच.

धमकी आहे का? का त्याले म्हणायचं आहे का आता ठेवतो? दहा डाव वाचलं. मधीच कोणी कोंबड्याचा व्हिडिओ टाकला, तोही पाह्यला. वापस वाचलं. समजत नाई. माणूस समोर असला तं गळपट धरता येते.

दि.ले दाखवलं. त्यानं मोबाईल वापस केला. "मी येतो."
"तू? कसा?"
"तुह्या मागं बसून. फाट्यावर का होते ते या टायमाले मी पाहीन. अन आठवनीत ठेवीन."
"अन तो तिथी नसला तं?"
"तं आपन दोघं राहू. एकट्याचं कोनी आयकत नाई न."

३ मार्च
दि.ले लांब पाय टाकून बसता आलं पायजे म्हणून माह्या गाडीची सीट फाडली. मागून रुंद केली, पाय ठेवायची पट्टी पुढं घेतली. डाव्या बाजूले फोम दुप्पट. अब्बा बघून गेले, मग येऊन जाड धाग्याचं रीळ ठेवून गेले.

लोखंडाची पट्टी वाकवायले दि.नं शेडमधी बोलावलं. ते लाल पट्ट्याचं अजून तिथीच पडून आहे, आत गंजके बोल्ट. म्हणलं, फेक न आता. म्हणला, नाई, सोबत नेऊ. फाट्यावर ठेवू, ढोराईले.

खरंच नेईन तो.

पंकज तिथी उभा असन, का नुसतं नवं हेल्मेट असन, का कोणीच नसन. तिन्हीत मी का करीन ते दि.नं विचारलं नाई, मीही सांगितलं नाई. मलेच मालूम नाई.

सुई तुटली. सीटची डावी बाजू राह्यली.