घळीच्या तोंडाशी

प्रिय ताई,

तुला आणि आईला नमस्कार.

मी ठणठणीत आहे. शिखराची मोजणी संपत आली. उत्तरेला ताशीव कडा, पूर्वेला बर्फ, म्हणून आम्ही तंबू दक्षिणेला घळीच्या तोंडाशी ठोकले. जवळ पाणी, जमीन अंगणासारखी सपाट. सगळे खूश होते. आईला इथवरच वाचून दाखव.

ती जागा घळीतून कोसळणाऱ्या दगडमातीनेच सपाट झाली होती. नकाशे काढून पोट भरणारे आम्ही, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मंगळवारी आम्ही मोजणीला वर गेलो, खाली स्वयंपाकी एकटाच होता. परत आलो तर तंबू नाहीत आणि तोही नाही. दगड उपसायला लागलो की वरून आणखी येतात. साहेब म्हणाले, राहू द्या.

नकाशात अशी दगडांची जागा ठिपक्यांनी दाखवतात. ते काम माझं. कालपासून कागद तसाच पडलाय.

आईचा गुडघा कसा आहे? तिने विणलेल्या टोपीचं ती विचारेलच. स्वयंपाक्याचे कान थंडीने लाल व्हायचे, म्हणून टोपी मी त्याला दिली होती. आईला म्हणावं, रोज घालतो.

तुझा,
धाकटा