इंदापूरची गाडी

तात्या, बारामतीचं स्टँड आता नवं झालंय. तुमची ती काचेची केबिन, तो घरघरणारा माइक, खडूनं लिहिलेलं वेळापत्रक, काहीच राहिलं नाही. गेल्या महिन्यात तिथे उतरले आणि उगीचच थोडा वेळ उभी राहिले. घरी कन्हेरीत तुम्ही 'हाय-न्हाय' बोलायचात, पण माइकसमोर बसलात की एकदम पुस्तकातलं: "निमगाव मार्गे इंदापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." आई हसून म्हणायची, "तितं गेला की तुजा बाप सायब हुतो बग."

मी बारावीला नापास झाले तो पावसाळा तुम्हाला आठवत असेल. आपल्या वस्तीतून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. दहावीला विहारात माझा सत्कार झाला होता, म्हणून निकालानंतर त्या रस्त्यानं जायचीसुद्धा मला लाज वाटायची. आठ-दहा दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. एका सकाळी चपला घालता घालता म्हणालात, "आजपासनं माझा डबा तू घिऊन येत जा. तुज्या आयेचं गुडघं दुखत्यात." आईचे गुडघे अजिबात दुखत नव्हते, हे आपल्या तिघांनाही ठाऊक होतं.

मग मी रोज दुपारी डबा घेऊन यायचे आणि तुमच्या केबिनबाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायचे. माणसं येता-जाता मलाच विचारायची, ही कुठली गाडी, ती कधी सुटणार. मला वैताग यायचा. डॉक्टर व्हायला निघालेली मी, आणि इथं गाड्या सांगत बसले होते. एकदा तुम्ही भाकरी खात होतात तेव्हा मी फटकन बोलून गेले, "तात्या, दुसऱ्यांच्या गाड्या लावण्यात जन्म गेला तुमचा. काय हाय ह्यात?" तुमचा घास हातातच राहिला. काहीतरी बोलणार होतात, तेवढ्यात फोन वाजला.

त्यानंतर दोनच दिवसांनी ती म्हातारी आली. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं. ती माझ्यासमोर वाकली. "बाय, इंदापूरची हीच का गं?" मी मान वर केली नाही. "हां, हीच," म्हटलं. गाडीवर भिगवणची पाटी होती. मी ती पाहिलीच नव्हती.

दोन तासांनी गाडी परत आली आणि कंडक्टर तुमच्याकडे कागद द्यायला आला. सहज बोलावं तसा म्हणाला, "एक म्हातारी इंदापूरची म्हनून आमच्यात चढली हुती. गर्दीत तिच्यापतूर पोचाया उशीर झाला. फाट्यावर उतरिवली, म्हनलं माघारी बारामतीची गाडी धर. आता येताना बघतो तर तितंच बसल्याली. गाडी थांबिवली, पर चढंना."

"कुणी सांगितलं तिला?" तुम्ही विचारलंत.

गप्प बसता आलं असतं. पण "मी," असं तोंडातून निघून गेलं.

"पाटी वाचलीस?"

"न्हाय."

"वाचाय येत न्हाय का तुला?"

आवाज चढला नव्हता तुमचा. नापास झाल्यावरसुद्धा जे तुम्ही मला बोलला नव्हतात, ते त्या एका प्रश्नात होतं. तुम्ही माइक दुसऱ्या कंट्रोलरच्या हाती दिलात, अर्ध्या दिवसाची रजा टाकलीत आणि मला म्हणालात, "चल."

फाट्यावर टपरीजवळ कडुलिंबाखाली ती बसलेली आहे. गाठोडं मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. चहाचा कप तसाच बाजूला, साय धरलेली. आपल्याला बघून ती आधीच म्हणते, "म्या न्हाय बसायची कुठल्याबी गाडीत. एकदा इचारलं, ही गत झाली. आता कुणाला इचारू? लेकीला कळा लागल्यात, इंदापूरच्या दवाखान्यात नेलंय म्हून सकाळी सांगावा आला, आन मी हितं." तुम्ही खाकी कपड्यात तिच्यासमोर मातीत उकिडवे बसता. मला वाटतं, आता तुम्ही म्हणाल, गोंगाटात ऐकायला चुकलं असेल. पण तुम्ही म्हणता, "आजी, चूक आमची हाय. माझ्या पोरीनं न बघताच सांगितलं. आता आमी दोघं संगं येतो. तुमास्नी दवाखान्याच्या दारात सोडतो." ती माझ्याकडे बघते. "हीच व्हय ती?" "व्हय." ती परत तुमच्याकडे वळून म्हणते, "ल्हान हाय की वो," आणि उठताना गाठोडं माझ्या हातात देते.

भिगवणला जाऊन आपण सोलापूरकडची गाडी धरली. म्हातारीला डुलकी लागली तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता बोलायला लागलात. "माझा मामा पुण्याच्या दवाखान्यात हुता. आय एकटीच त्याला भेटाया निघाली. पाटी वाचता येत न्हवती, आन इचारलं तर आपली कापडं बघून माणसं तोंड फिरवायची तवा. सांजच्यापतूर स्टँडावर बसून माघारी आली. पुन्ना भेट न्हाय झाली भावाची." मग म्हणालात, "लोकं मला म्हनायची, मास्तर हो, तलाठी हो. मी म्हनलं, मला स्टँडच पायजे. तू इचारलं हुतंस न्हवं, काय हाय ह्यात? एवढंच हाय."

इंदापूरच्या दवाखान्यात म्हातारी आत गेली. आपलं काम संपलं होतं, तरी तुम्ही बाहेरच्या बाकावर बसलात, म्हणून मीही बसले. तासाभरानं ती बाहेर आली तेव्हा तिचा पदर घामानं भिजलेला होता. "नात झाली. लेकीनं माझा हात सोडला न्हाय वो शेवटपतूर," ती तुम्हाला म्हणाली. तिच्या हातात एक चिठ्ठी होती. जावई शेजारी उभा होता, तुम्ही होतात, नर्स ये-जा करत होती. तिनं ती चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "बाय, काय लिवलंय ते वाच."

मी वाचलं. मुलगी. जन्माची वेळ. वजन. आई व बाळ सुखरूप. "पुन्यांदा वाच," ती म्हणाली. मी एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचलं, एकही अक्षर चुकू नये म्हणून. तिसऱ्यांदा तिनं न सांगताच वाचलं. जिला मी फसवलं होतं, तिनं त्याच दिवशी माझ्याच वाचण्यावर विश्वास ठेवला होता. तुम्ही तेव्हा पाठ फिरवून भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचत होतात.

दुसऱ्या दिवशी मी डब्याची वेळ व्हायची वाट बघितली नाही, सकाळी तुमच्याबरोबरच निघाले. पुढं पुन्हा बारावी दिली, आर्ट्सची पदवी घेतली. डॉक्टर काही झाले नाही. पुण्यात एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर लागले, त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही गेलात. माझी खिडकी बघायची तुमची राहून गेली. सकाळी रांग दारापर्यंत असते. कागद हातात घेऊन माणसं विचारतात, बाई, आता कुठं जायचं? कधी चिडते मी, नाही असं नाही. पण कुणी आजीबाई भांबावलेली दिसली की उठून बाहेर येते आणि तिला हव्या त्या दारापर्यंत नेऊन सोडते. बरोबरच्या मुली हसतात.

हे पत्र कुठं टाकणार? घरात कुणाला दाखवणारही नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते घरच्यांपासून लपवलेलं आहे. मागच्या वर्षी मला बढती आली होती. वरच्या मजल्यावर टेबल, फायली, डोक्यावर पंखा, माणसांची कटकट नाही. मी नको म्हटलं. घरी सांगितलं की वरचे साहेब तिरसट आहेत. साहेब फार चांगले आहेत, तात्या. मला खिडकी सोडवली नाही, आणि एवढं साधं कारण सांगायची मला लाज वाटली.